रीज हुडाकचे दोन प्रश्न

पिट्सबर्गच्या टेकडीवरून नदीकडे उतरणारी बस चालवताना रीज हुडाकने सत्तावीस वर्षं एकच तत्त्व पाळलं होतं. दार उघडायचं, दार लावायचं. मधल्या वेळात जे घडेल ते देवाच्या आणि युनियनच्या हवाली. त्याचं पूर्ण नाव रीजिस, पण त्या नावाने त्याला फक्त आई हाक मारायची आणि तीही रागावली तरच.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. भांडण अंगावर घ्यायचं हे वय नव्हे, असं तो म्हणे. खरं तर तिशीतही तो हेच म्हणायचा.

अलीकडे त्याच्या बसमधून माणसांबरोबर बाकीची सृष्टीही ये-जा करू लागली होती. सकाळच्या फेरीला कॉलेजच्या एका मुलीच्या मांडीवर ससा असे, एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर हातभर लांबीचा हिरवा सरडा. सगळ्यांच्या अंगात लाल जाकीट आणि जाकिटावर लिहिलेलं, ‘सेवेत आहे, हात लावू नका’. सरड्याला हात लावायची इच्छा तशीही कोणाला नव्हती.

अशा वेळी ड्रायव्हरने दोनच प्रश्न विचारायचे, असा नियम. हा प्राणी तुम्हाला अपंगत्वामुळे लागतो का? आणि तो कोणतं काम शिकला आहे? आजार विचारायचा नाही, कागद मागायचा नाही. ‘मला धीर देतो’ हे उत्तर चालत नसे; पण ते देण्याइतका भोळा माणूस शहरात उरला नव्हता. सरडेवाल्याने घडाघडा सांगितलं होतं, “माझी साखर वाढली की शेपूट हलवतो.”

“आणि कमी झाली की?” रीजने सहज विचारलं.

हा तिसरा प्रश्न झाला. तक्रार गेली आणि रीजला ‘प्रवाशांशी आदराने वागणे’ या विषयावर अख्खा दिवस वर्गात बसावं लागलं. त्यानंतर त्याने उरलेले दोन प्रश्नही सोडून दिले.

या सगळ्यात खरं जनावर एकच होतं. ओडेसा टिब्स कोर्टात टेलिफोन बोर्डावर काम करायची. ती जन्मापासून आंधळी, आणि तिला वाट दाखवणारी ज्युनो ही काळी लॅब्रडॉर कुत्री. सहा वर्षं ज्युनो रोज चढायची, पहिल्या सीटखाली घडी करून ठेवल्यासारखी बसायची. बसमध्ये कुत्रं आहे हे लोकांना ओडेसा उतरताना कळायचं. ओडेसाने कधी कार्ड दाखवलं नव्हतं, कारण असं कार्ड सरकार देतच नाही. डेपोतले ड्रायव्हर म्हणत, न मागता जो कार्ड दाखवतो तो खोटा.

डार्लीन वॉयटको न मागता कार्ड दाखवायची. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, फोटोसकट, इंटरनेटवरून मागवलेलं. तिचं कुत्रं पिकल्स मुठीएवढं आणि अहंकार बैलाएवढा. पण डार्लीन रीजच्याच चर्चची. ईस्टरआधीच्या उपासात मटण वर्ज्य, म्हणून दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तीच तळायची, आणि रीजच्या ताटात दोन तुकडे जास्त पडायचे. तेव्हा कार्ड बघून रीज म्हणे, “बस डार्लीन, बस.”

तीन आठवड्यांपूर्वी ज्युनो चढत असताना पिकल्सने मांडीवरून उडी मारून तिचा कान फोडला. ज्युनो नुसती कण्हली. उलटून चावायचं तिला कोणी शिकवलंच नव्हतं. डार्लीन म्हणाली, “तो घाबरला बिचारा.” रीजने आरशात सगळं पाहिलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवसापासून ज्युनो बसच्या दारापाशी चारही पाय रोवून उभी राहू लागली. ओडेसा शेजाऱ्याच्या गाडीने कामावर जाऊ लागली. शेवटी एका दुपारी तीच ज्युनोला घेऊन शेवटच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. तिथे बस नऊ मिनिटं रिकामी थांबते.

“रीज, गुरुवारी कुत्र्यांच्या शाळेचा माणूस येतोय. ज्युनो बसमध्ये चढली नाही तर तिला कामावरून काढतील. दुसरी मिळायला दीड वर्ष. आणि दुसरी म्हणजे ज्युनो नव्हे.”

“मी काय करू, मिस ओडेसा?”

“आत्ता दार उघड.”

रिकाम्या बसमध्ये ज्युनो चढली. थोडी थांबली, पण चढली. दुसऱ्यांदा तर न थांबता.

“म्हणजे तिला बसची भीती नाही,” ओडेसा म्हणाली. “त्या दिवशी तू पाहिलं होतंस ना?”

“आरशात नीट दिसत नाही.”

“मला सांगतोस? मला आरशात तुझ्याइतकंच दिसतं.”

रीजला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी डार्लीन ओडेसाच्या दोन थांबे आधी चढली. काखेत पिकल्स, हातात कार्ड. रीजने कार्डाकडे बघितलंच नाही.

“डार्लीन, हे कुत्रं तुला अपंगत्वामुळे लागतं का?”

“काय रे? तब्येत बरी आहे ना तुझी?”

“लागतं का?”

“लागतं.”

“कोणतं काम शिकलंय?”

“मला घाबरल्यासारखं व्हायच्या आधी सूचना देतं,” डार्लीनने पाठ केलेलं म्हटलं. तेवढ्यात पिकल्सने खाली उडी मारून रीजच्या बुटाची नाडी दातात धरली आणि गुरगुरत ओढू लागला.

“आत्ता कसली सूचना देतोय?” मागून कोणीतरी विचारलं.

रीजने पाय सोडवून घेतला. “उत्तरं बरोबर आहेत. पण जे आवरत नाही ते जनावर बसमध्ये चालत नाही, हाही नियमच आहे. तू बस. तो उतरेल.”

“माझ्या हातचे मासे खातोस आणि मला उतरवतोस?”

“तुला नाही. त्याला.”

डार्लीन ठाण मांडून सीटवर बसली. रीजने हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले. बस उभी. बसमधले उरलेले सेवेकरी एकदम शिस्तीत आले. ससा पिशवीत गेला, सरडा कोटाच्या आत.

“मग त्या सरड्याचं काय?” डार्लीनने विचारलं.

“सरडा गप्प आहे,” रीज म्हणाला.

पाच मिनिटांनी लोकांचा धीर संपला. “बाई, मला आठला हजर व्हायचंय,” नर्सच्या कपड्यांतली एकजण म्हणाली. “कुत्रं सूचना देत नसेल तर मी देते.” शेवटी डार्लीन पिकल्सला उचलून उतरली. फुटपाथवर पाय टेकायच्या आधीच तिचा फोन तक्रारीच्या नंबरवर लागला होता.

ओडेसाच्या थांब्यावर शाळेचा माणूस वही घेऊन उभा होता. रीजने बटण दाबलं, बस फुस्स करत दाराच्या बाजूने फुटपाथपर्यंत झुकून गुडघ्यावर आली, दार उघडलं. ज्युनो दारापाशी येऊन थांबली. पाय रोवले.

“ये गं, ये बाळ,” अख्खी बस एका सुरात बोलू लागली. कोणी चुटकी वाजवली, कोणी बिस्किटाचा पुडा फोडला.

“गप्प बसा सगळे,” रीज म्हणाला. सत्तावीस वर्षांत त्याचा आवाज एवढा मोठा कोणी ऐकला नव्हता. त्याने स्वतःही नाही.

ओडेसाने पट्टा ओढला नाही. फक्त म्हणाली, “चल, ज्युनो.” ज्युनोने नाक वर करून आतला वास घेतला, बराच वेळ घेतला. मग एक पाय आत ठेवला. मग बाकीचे तीन. आणि पहिल्या सीटखाली जाऊन घडी घालून बसली.

शाळेच्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं. “चांगलं झालं. पण एका दिवसावर निर्णय देता येत नाही. मी पुढचे दोन आठवडे रोज येईन. रोज चढली पाहिजे.”

“ऐकलंस, रीज?” ओडेसा म्हणाली.

“ऐकलं,” रीज म्हणाला. दोन आठवड्यांत किती तक्रारी जातील, याचा हिशोब त्याने मनातल्या मनात सुरू केला आणि अर्ध्यातच सोडून दिला.

पुढच्या थांब्यावर एक धिप्पाड माणूस चढला. त्याच्या हातातल्या दोरीला लाल जाकिटातला बोका होता आणि तो आल्या आल्या पहिल्या सीटखालच्या काळ्या शेपटीकडे टक लावून बघत होता. त्या माणसाचे दंड रीजच्या मांडीएवढे होते. रीजने घसा साफ केला.

“साहेब, हा प्राणी तुम्हाला अपंगत्वामुळे लागतो का?”

“काय?” माणूस वाकून म्हणाला.

रीजने प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा.