सासऱ्यांचा पाय आणि डावं चाक

माझे सासरे हैदराबादच्या बरकतपुऱ्यातले जुने रहिवासी, आणि गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लग्न होऊन मी पुण्याहून आले तेव्हापासून घरात स्टिअरिंगवर तेच. अशा माणसाने एक दिवस अचानक गाडीची किल्ली खुंटीला लावली. "ट्रॅफिक लई वाढलंय," एवढंच सगळ्यांना सांगितलं. मला मात्र गॅलरीत हळूच म्हणाले, "ब्रेक दाबताना पाय थरथरतोय बेटा माझा. घरात कुणाला बोलू नक्को."

त्या दिवशी ऑफिसला गाडी मी नेली. सिग्नलजवळ वेग अगदी कमी करून ब्रेक दाबला, तर माझाही पाय थरथरला! खालून कुर्रर्र आवाज, आणि पेडल तळव्याला ढकलतंय. मागचे हॉर्न वाजवून दमले, मी आपली एकटीच हसतेय. ब्रेक बिघडला म्हणून इतकी खूश झालेली बाई हैदराबादेत मी एकटीच असेन.

बिघाड शोधणं हे तसंही माझं पोटापाण्याचं काम, फक्त सॉफ्टवेअरमधलं. मोबाईलला जोडायचं एक छोटं यंत्र मागवलं, स्टिअरिंगखाली लावलं. त्याने सांगितलं, पुढच्या डाव्या चाकाचा एबीएस सेन्सर गेलाय. हा बोटाएवढा सेन्सर चाकाचा वेग सांगतो. तो चुकीचं सांगायला लागला की गाडीला वाटतं चाक घसरतंय, मग ती आपणहून ब्रेक धरते, सोडते आणि पेडल थरथरतं.

"समजूत घालू नक्को माझी," सासरे म्हणाले.

शेवटी ठरलं ते असं: सेन्सर घरीच बदलायचा, गाडी त्यांनी चालवायची. तरी थरथर झाली, तर गाडी विकायची आणि परत कधी ब्रेकला पाय लावायचा नाही.

रविवारी सकाळी मी सेन्सर घेऊन खाली आले. सासरे जॅक घेऊन आधीच बॉनेटपुढे उभे. "हे डावं," म्हणून त्यांनी हाताने चाक दाखवलं. मागच्या चाकांना विटा लावल्या, नट ढिले केले, गाडी उचलली, खाली स्टँड दिला, चाक काढलं. जुना सेन्सर गंजून असा बसला होता की तेल टाकून, हलवून, चुचकारून अर्धा तास गेला. निघाला तेव्हा मी ओरडलेच. सासूबाईंना वाटलं बोट तुटलं.

नवा बसवला, चाक चढवलं. सासऱ्यांनी गाडी काढली, मी शेजारी. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी ब्रेक दाबला. कुर्रर्र.

त्यांनी इंजिन बंद केलं. "बघ," म्हणाले, "पायच आहे." त्यांच्याकडे बघवेना.

काहीतरी करायचं म्हणून यंत्र पुन्हा लावलं. पुन्हा तेच: पुढचं डावं चाक. मी डाव्या खिडकीतून वाकून पाहिलं. इथल्या चाकाला आम्ही हातही लावला नव्हता! दर दसऱ्याला सासरे गाडीसमोर उभे राहून पूजा करतात, लिंबं ठेवतात, ओवाळतात. त्यांच्या लेखी गाडीचं डावं म्हणजे समोरून ओवाळणाऱ्याचं डावं. आणि शिकलेल्या सूनबाईंनी मुकाट्याने उजवं चाक खोललं होतं.

"हौले आहोत आपण दोघंबी, पक्के येडे," ते म्हणाले, आणि आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

गाडी मागे घेतली. सुदैवाने सेन्सर दोन्हीकडे एकच चालतो. उजवीकडचा जुना जिथला तिथे बसवला, नवा खऱ्या डावीकडे. हात काळे, माझा कुडता काळा, सासूबाईंची वाळत घातलेली चादरही काळी.

पुन्हा गल्लीचं तोंड. त्यांनी हळूच ब्रेक दाबला. गाडी गुपचूप थांबली. चार पावलं पुढे घेऊन पुन्हा दाबला. मग पुन्हा. दुधाचं दुकान, खांब, एक निवांत बसलेलं कुत्रं, प्रत्येकापुढे गाडी थांबवत गेले. मी मोजायचं सोडून दिलं आणि टाळ्या वाजवायला लागले.

आबिड्सच्या बाजाराकडे वळायच्या रस्त्याला त्यांनी गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू उतर आता," ते म्हणाले. "मला एकट्याला जाऊन येऊ दे."