लाटणं आणि माफी

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी कँटीन सांभाळायचे, तेव्हा माझं वय होतं त्रेपन्न आणि अक्कल तेराची. नातवंडांना वाटतं आजी जन्मापासूनच शहाणी. वाटू दे.

एका दुपारी पोळीच्या रांगेत एका वेल्डरनं पॅकिंगवाल्याच्या कानाखाली वाजवली. "मधी घुसतो व्हय रे?" ताटं उडाली. मी मधे पडले आणि माझ्या हातातलं लाटणं वेल्डरच्या खांद्यावर बसलं. म्हणजे मीच बसवलं. भांडण तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून बोलावणं. मला वाटलं, सत्कार! नारळ, शाल, निदान एक फोटो. लेकीच्या लग्नातली भारी साडी नेसून, पदर मांडीवर धरून, मी करमाडहून शेअर रिक्षानं गेले.

मॅनेजरबाई माझ्या लेकीएवढी. तिनं कागद पुढं सरकवला. मारणारे दोन : वेल्डर आणि मी.

"अहो मॅडम, मी तर भांडण मिटवलं!"

"लाटण्यानं? इथं हात उचलला की नोकरीही जाऊ शकते, मावशी. नियम सगळ्यांना एकच. पण आधी हे सांगा, मारामाऱ्या तुमच्याच रांगेत का होतात?"

घरात पगार फक्त माझा येत होता. इतक्या भारी साडीत इतकं खरं मी कधी बोलले नव्हते.

"मला ताई म्हणतात त्यांना मी तव्यावरची गरम पोळी देते. आजी म्हणतात त्यांना सकाळची."

"आणि वेल्डर काय म्हणतो?"

"आजी. तोंड भरून."

बाईनं हसू दाबलं, पण शिक्षा सोडली नाही. दोघांनाही आठ दिवस घरी बसवलं आणि परत आल्यावर सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. रांगेचं मूळही तिनं उपटलं. प्रत्येक खात्याची जेवणाची वेळ वेगळी केली, पोळ्या टेबलावर ठेवल्या, ज्याच्या त्यानं घ्यायच्या. कुणी चिडलं तर हात उचलण्याआधी जाऊन सांगायला प्रत्येक खात्यात एक माणूस नेमला.

आठ दिवस मी आरशासमोर माफीची तालीम केली. "चुकलं माझं, पण..." तो 'पण' लई चिवट. सून म्हणाली, "आई, पणाच्या आधीच थांबा की."

कँटीन भरलेलं. आधी वेल्डरनं पॅकिंगवाल्याची माफी मागितली. मग मी वेल्डरला म्हटलं, "चुकलं माझं," आणि ओठ गच्च मिटले. वाटलं, आता टाळ्या पडतील.

"बरं," वेल्डर म्हणाला. "सरका आता, भाजी घेऊ द्या. धाच मिनिटं राहिली."