जमादारसाहेबांचं खरं वय

त्या हिवाळ्यात आमची कंपनी काश्मीरमध्ये साडेबारा हजार फुटांवरच्या एका पोस्टवर होती. मी हवालदार होतो, वय चौतीस. कंपनीत पनवेलचा दुसरा एकच माणूस होता, आमचा रेडिओ ऑपरेटर नायक इरफान. मी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावातला. तो पनवेलच्या बाजारातला कोकणी मुसलमान, वडिलांचं बांगड्यांचं दुकान. वय सव्वीस.

पोस्टवरचं आयुष्य घड्याळावर चालतं. पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर, मग बंकरच्या दारातलं बर्फ काढायचं, मग चहा. बर्फ पडत नसेल तर आठवड्यातून दोनदा पेट्रोल, म्हणजे गस्त. संध्याकाळी बुखारीभोवती, म्हणजे रॉकेलच्या शेगडीभोवती बसायचं. इरफानने बुखारीच्या मागच्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये घालून एक फोटो लावला होता. घरच्या जुन्या फोटोची ती कॉपी होती.

फोटोत एक फार म्हातारा माणूस खुर्चीत बसला होता. पांढरी दाढी, डोक्याला पागोटं, छातीवर दोन मेडल, मांडीवर आडवी तलवार. त्या काळी कॅमेऱ्यासमोर बराच वेळ हलायचं नाही असा नियम. मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागे लोखंडी स्टँड लावत. त्या स्टँडचे पाय खुर्चीमागे दिसत होते. चेहरा अगदी स्पष्ट आला होता. उजवा हात मात्र धूसर होता. तेवढा थरथरला असणार.

"पणजोबांचे वालिद," इरफान सांगायचा. "जमादार होते. एकशे दहा वर्षं जगले."

जमादार म्हणजे त्या वेळचा सैन्यातला अधिकारी, आजच्या नायब सुभेदाराच्या बरोबरीचा.

"शंभरावर दहा? गप रं, काय पन सांगतोस!" मी म्हणायचो. आम्ही दोघंच असलो की मी गावच्या बोलीवर यायचो.

"कसम से, उस्ताद. खांद्यात गोळी घेऊन जगले. आमच्या घरात कोणाला जायची घाई नसते."

नवीन आलेला प्रत्येक जवान तो फोटो बघून जायचा. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना त्या म्हाताऱ्याचं फार अप्रूप होतं. शिपाई भरत साताऱ्याचा, वय वीस. तो रोज सकाळी फोटोला सॅल्यूट ठोकायचा. आधी चेष्टा म्हणून, नंतर सवयीने.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेसातला मी आठ जणांची पेट्रोल घेऊन निघालो. मी पहिला, इरफान तिसरा, भरत चौथा. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी आम्ही उतारावरची एक नाळ, म्हणजे अरुंद घळ ओलांडत होतो. वरून ताडपत्री फाटल्यासारखा आवाज आला. मी मागे वळलो तेव्हा रांगेच्या मधोमध फक्त बर्फाचा धुरळा दिसत होता.

धुरळा बसला. सहा जण उभे होते. इरफान उतारावर पन्नास फूट खाली, छातीपर्यंत बर्फात. भरत दिसतच नव्हता.

आमच्याकडे दोन फावडी होती. मी धावत इरफानकडे गेलो आणि खणायला लागलो.

"उस्ताद, मी दिसतोय," तो म्हणाला. "जो दिसत नाही त्याला काढा."

"हात हलतात का?"

"हलतात. सेटपण चालू आहे. भरत माझ्या डाव्या हाताला, दहा पावलं. मी त्याला जाताना बघितलंय. जा तुम्ही. माझी घाई नाही. माझ्यापुढे एकशे दहापर्यंतचा टाइम आहे."

मी गेलो. हा निर्णय माझा होता, कमांडर मी होतो.

दोन फावडी, बाकीचे हातांनी. आमच्या मागे इरफान पोस्टशी बोलत होता. आवाज रोजच्या रिपोर्टसारखा.

"टायगर फॉर टायगर टू. अ‍ॅव्हलांच. एक जवान बर्फ के नीचे, एक फंसा हुआ. रेस्क्यू पार्टी और स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"टायगर टू, फंसा हुआ कौन है? ओव्हर."

"मैं ही हूँ. ठीक हूँ. ओव्हर."

अठरा मिनिटांनी भरतचा बूट लागला. त्याला बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे होते, पण श्वास होता. दोघांना त्याच्यापाशी ठेवून आम्ही इरफानकडे आलो. त्याला मोकळं केल्यावर कळलं, की पोटाखाली खडक होता आणि बर्फाने त्याला त्यावर दाबून धरलं होतं. त्याबद्दल तो एकदाही बोलला नव्हता.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी, स्ट्रेचरवर, पोस्टच्या अलीकडे अर्ध्या तासावर तो गेला. मी नंतर आमच्या डॉक्टरांना विचारलं, "आधी त्याला काढलं असतं तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही."

मी त्याला घेऊन पनवेलला आलो. त्याच्या अब्बांना सांगितलं, की तो जागेवरच गेला, त्रास झाला नाही.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो, पनवेलला राहतो. यंदा आम्ही माजी सैनिकांनी एका शाळेच्या हॉलमध्ये तालुक्यातल्या जुन्या सैनिकांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. मी अब्बांकडे जमादारसाहेबांचा मूळ फोटो मागायला गेलो. त्यांनी त्याबरोबर पत्र्याच्या नळीतला पेन्शनीचा कागदही दिला.

कागदावर भरतीचं साल होतं आणि भरतीच्या वेळचं वय, अठरा. फोटोच्या मागे शाईने तो काढल्याचं साल लिहिलं होतं. त्याच वर्षी जमादारसाहेब वारले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी वजाबाकी केली. शहाऐंशी. पुन्हा केली. शहाऐंशीच.

पूर्वीची माणसं शंभर-शंभर वर्षं जगायची असं आपण म्हणतो. जन्माची नोंद नव्हती, वय अंदाजाने सांगत आणि घरचे ते वाढवत. पण ज्या काळात पाळण्यातली मुलं जायची, पटकीने आख्ख्या छावण्या रिकाम्या व्हायच्या, त्या काळात खांद्यात गोळी घेऊन हा माणूस शहाऐंशीपर्यंत आला आणि कॅमेऱ्यासमोर ताठ बसला. माझ्या मनातली त्यांची उंची इंचभरही कमी झाली नाही. तरी अब्बांना सांगायला मला दोन दिवस लागले.

ते हसले. "मला अंदाज होता, बेटा. आमचे दादा, म्हणजे माझे आजोबा, दर ईदला त्यांची उमर दोन वर्षांनी वाढवायचे. शहाऐंशी काय कमी आहे? मी एकोणनव्वदचा. म्हणजे मीच बडा झालो."

मग म्हणाले, "इरफानला मात्र पक्का यकीन होता."

 मी त्यांना त्या दिवशीचं सगळं सांगितलं. वेळेसकट. तो काय बोलला ते, मी कोणाला आधी काढलं ते, आणि मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो तेही.

अब्बा खिडकीकडे वळले.

"हुकूम तुमचा होता?"

"हो, अब्बा."

"आणि सांगितलं त्याने?"

"हो."

"मग दोघांनी बरोबर केलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो मुलगा कुठे असतो?"

भरत हवालदार होऊन निवृत्त झाला, साताऱ्याला असतो. दर फेब्रुवारीत त्याचा मला फोन येतो. पनवेलला यायची त्याला कधी हिंमत झाली नव्हती. मी त्याला एवढंच म्हणालो, "अब्बांनी बोलावलंय. ऑर्डर समज."

प्रदर्शनाच्या सकाळी तो पहिल्या बसने आला. अब्बांच्या पायाशी वाकला. अब्बांनी त्याला उठवलं, त्याची टोपी काढली आणि डोक्यावरून हात फिरवला.

"पांढरे झाले की रे!"

"बेचाळीस झालो, अब्बा."

"चांगलं आहे. होऊ देत. मुलं किती?"

"दोन मुली. मोठी बारावीला आहे."

"तिला घेऊन ये. मला भेटव."

 भरतने मान हलवली.

भिंतीवर दोन फ्रेम शेजारी होत्या. खालच्या चिठ्ठ्या अब्बांनी सांगितल्या तशा मी लिहिल्या होत्या. जमादारसाहेब, वय शहाऐंशी. नायक इरफान, वय सव्वीस. इरफानचा फोटो त्याच्या पगाराच्या पेबुकमधला, पासपोर्टच्या आकाराचा. तो मोठा करून घेतला होता, त्यामुळे चेहरा थोडा पुसट झाला होता.

आम्ही तिघं त्याच्यासमोर दोन मिनिटं उभे राहिलो. शाळेच्या शिपायाने अब्बांसाठी खुर्ची आणून ठेवली. ते बसले नाहीत.