काळपट चांदीतला सम्राट

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. आम्ही शारजाला राहायचो. बाबा एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. शुक्रवारी सकाळी ते सूकमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातल्या, एका म्हाताऱ्या सीरियन दुकानदाराकडे जुनी नाणी बघत बसायचे. नुसती बघायचे. एकदा मात्र त्यांनी एक घेतलं. रोमन, चांदीचं, काळपट. त्यावर एका सम्राटाचा चेहरा होता. जाड मान, बाकदार नाक, डोक्यावर पानांची माळ. दिनार हा शब्द याच नाण्याच्या नावावरून आलाय, असं ते आईला कौतुकाने सांगत होते. आईने त्याच्या किमतीचे, दिरहमचे, रुपये मोठ्याने करून दाखवले आणि ती पोळ्यांकडे वळली.

मी नऊ वर्षांची होते. बाबांचा वाढदिवस जवळ आला होता. आई देवाची चांदीची भांडी दंतमंजनाने लख्ख करायची, ते मी पाहिलं होतं. एका दुपारी जुना टूथब्रश घेऊन मी सम्राटाला चांगलं अर्धा तास घासलं. नाणं नव्या चमच्यासारखं चमकायला लागलं. गालावर बारीक ओरखडे उठले होते, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं.

वाढदिवसाला बाबांनी ते तळहातावर घेतलं. उजेडाकडे नेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणाले, "छान चमकतंय गं."

पुढच्या शुक्रवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. नाणं पाहून दुकानदाराने कपाळाला हात लावला. हा काळा थर चढायला शेकडो वर्षं लागतात, तो गेला की नाण्याची रयाच गेली, असं तो मोडक्या हिंदीत सांगत राहिला. मग त्याने विचारलं, हे केलं कोणी?

"मैंने," बाबा म्हणाले. "मालूम नहीं था."

गाडीत बसल्यावर मी कशीबशी म्हणाले, "बट बाबा, आय डिड इट."

"माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्यासाठीच केलंस ना."

त्यानंतर दर शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर जायला लागले. नाणं कडेनेच धरायचं, हे म्हाताऱ्यानेच मला शिकवलं. दोन-तीन महिन्यांनी धीर करून मी त्याला खरं सांगितलं. तो रागावला नाही. तुझे बाबा माझ्या साध्या नाण्यावरसुद्धा फुंकर मारायला घाबरतात, म्हणाला, ते दंतमंजन लावतील होय? त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

दोन हजार दोनच्या सुमारास दुकान बंद करून तो आपल्या गावी, सीरियातल्या हलबला परत गेला. निरोपाच्या दिवशी त्याने आम्हाला पुदिन्याचा चहा पाजला आणि नाणी बघायचं आपलं भिंग माझ्या हातात ठेवलं.