बिशपसाहेबांबरोबर पन्हाळा, आणि कोडोलीच्या चर्चमध्ये घेतलेली हरकत

बिशप माणसाबरोबर सहलीला जाऊ नये असं माझं मत होतं. तरी गेले, कारण घरात लग्नाची बोलणी चालली होती. चहाच्या कपासमोर सगळेच सज्जन असतात. माणूस बघायचा तर त्याला दिवसभर गाडीत घालून हिंडवावा.

आधी कोण कोण ते सांगते. सुवार्ता माझी नात, नर्स आहे. तिची आई गेल्यापासून मीच तिला वाढवली. तिला पुण्यातलं स्थळ आलं. मुलाला वडील नाहीत, मामाच सगळं बघतात, आणि मामा म्हणजे लुथरन मंडळीचे बिशप, राहायला वऱ्हाडाच्या पलीकडं. आम्हीपण ख्रिस्तीच, पण आमचं चर्च वेगळं. मुलगा आणि सुवार्ता एकदाच भेटलेले, तेही दहा माणसांच्या मधे बसून. आता मामा दोन दिवसांसाठी आले होते. शनिवारी पन्हाळा, रविवारी कोडोलीला उपासना. मी म्हटलं, मीपण येते. हुंडा नको असं साहेबांचं म्हणणं, पण तसं म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत. तोंडानं नको म्हणतात आणि मग कपाट, पलंग पोरीच्या हौसेनं येतात.

शनिवारी सकाळी कोल्हापूरजवळच्या आमच्या गडमुडशिंगीतून साहेब, सुवार्ता आणि मी निघालो. गाडी शेजारच्या बाळूची. सुरू करायच्या आधी साहेबांनी प्रवासाची प्रार्थना केली. प्रार्थनेत मी एक डोळा उघडा ठेवते, सवयच आहे. साहेबांचे दोन्ही डोळे मिटलेले होते. एवढं बरं वाटलं, पण एवढ्यावर पोरगी देत नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर ऊस तुटायच्या दिवसांत लवकर निघा. शिवाजी पूल ओलांडला की ट्रॉल्या लागतात. आम्ही एकीच्या मागं अडकलो.

साहेब म्हणाले, "आजी, विश्वास असाच असतो. पुढचं दिसत नाही, तरी ड्रायव्हरवर सोडून बसायचं."

"ड्रायव्हर काल झोपलाय का ते आधी इचारा."

बाळू आरशातनं म्हणाला, "झोपलोय की आजी! किती बोलताय!"

साहेब हसले. मग त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि हेच सगळं त्यात बोलले. त्यांची रोजची रीत आहे ती. साध्या जगण्यात, प्रवासात देव कुठं दिसला ते बोलायचं आणि ग्रुपवर पाठवायचं. त्यांची माणसं ऐकतात, दुसऱ्या चर्चचे पाळक, म्हणजे पाद्रीही ऐकतात म्हणे.

वाघबिळाला डावीकडं वळलं की चढण. वर गारवा, तीन दरवाज्यापाशी वारा असा की पदर सांभाळावा लागतो. चालायला सपाट आहे, माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. जेवायला मोठ्या हॉटेलात जाऊ नका. बायका चूल मांडून बसतात, झुणका-भाकरी, ठेचा, दही. भाव आधी विचारा आणि ठेचा बेतानं घ्या. साहेबांनी बेतानं घेतला नाही. डोळ्यांतून पाणी आलं, पण पान टाकलं नाही.

जेवण झाल्यावर परत फोन. भाकरी थापणाऱ्या बाईचे हात म्हणजे प्रार्थनाच, असं काहीतरी बोलत होते. बाई तोंडाला पदर लावून बघत राहिली.

मी म्हटलं, "तिला इचारलं का, तुझं हात ग्रुपवर घालू का म्हणून?"

"नाव नाही घेतलं हो मी."

"हात तर तिचंच न्हवं?"

सुवार्तानं मला कोपर मारलं. मी मनात नोंद ठेवली. हा माणूस गोड आहे, पण दुसऱ्याचं परस्पर बोलून टाकतो.

मुक्काम कोडोलीत माझ्या नणंदेकडं. कोडोलीचं चर्च आमच्या घराण्याचंच, रविवारी उपासनेला भरलेलं. आमच्यात लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये पुकार होतो. नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. हरकत कधी कुणी घेत नाही, लोक तेवढ्यात मागं वळून पोरीकडं बघून घेतात.

पाळक उभे राहिले, चष्मा लावला आणि सुवार्ताचं नाव वाचलं. मग त्या मुलाचं. "हा पहिला पुकार."

सगळ्या माना वळल्या. सुवार्ताच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. अजून होकार कुणी दिला नव्हता, ना तिनं, ना मी. माझ्या डोक्यात लख्ख झालं. म्हटलं, यासाठी आलं व्हय हे साहेब! भर चर्चमध्ये नाव जोडलं की पोरीकडच्यांना मागं फिरता येत नाही.

मी उठले. "हरकत हाय."

नणंदेनं माझं लुगडं ओढलं. "वैनी, खाली बसा! लोक बघत्यात."

"बघू देत. पाळकसाहेब, तुमास्नी कुणी सांगितलं लग्न ठरलं म्हणून?"

पाळक गोंधळले. म्हणाले, बिशपसाहेबांचंच बोलणं ग्रुपवर ऐकलं की. 'देवानं कोल्हापूरला आमचं नातं जुळवलं' असं ते स्वतःच म्हणाले, दोघांची नावंही घेतली. होकाराचे कागद मागून येतील असं वाटलं.

आता सगळे साहेबांकडं. मी म्हटलं, आता हा माणूस देवाच्या मागं लपणार. तर ते उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"माझीही हरकत आहे. देवानं जुळवलं असं मी म्हणालो, पण ती माझी इच्छा होती. ती मी देवाच्या नावावर खपवली. मुलीला मी विचारलंच नाही. पुकार मागे घ्या."

सुवार्ता तेव्हा बोलली, हळू, पण पुढच्या बाकापर्यंत गेलं. "मामा, तुम्ही न्हाय इचारलं. आजीनं तरी कुठं इचारलंय? दोन दिवस ती तुम्हालाच बघतीया."

मला गप्प बसवणं सोपं नाही. मी बसले.

येताना वारणानगरला श्रीखंड घेतलं. गाडीत फोन साहेबांच्या खिशातच होता. संध्याकाळी त्यांना स्टेशनवर सोडलं. तो पुकार त्यांनी मुद्दाम घडवला नव्हता, असं मला आता वाटतं. पुरतं नाही, बरंचसं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "आजी, चर्चमधली गोष्ट ग्रुपवर सांगू का? चूक माझीच सांगायची आहे."

विचारलं, हे एक शिकले. मी म्हटलं, "मला काय इचारता? पोरीला इचारा." त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली. त्यांनी सांगितली नाही.

येत्या शनिवारी तो मुलगा एकटा येतोय. सुवार्ता त्याला घेऊन पन्हाळ्याला जाणार आहे, काय ते तिथंच विचारणार आहे.

मी म्हटलं, "गाडीत मागं जागा असतीया की."

"न्हाय, आजी."

बरं, न्हाय तर न्हाय. बाळूला मात्र सांगून ठेवलंय, आरशातनं एक डोळा मागं ठेव.