शेजारचा कॉम्रेड

माझे सासरे, म्हणजे बाबा, सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे इंग्लंडात ब्रॅकनेलला आले, तेव्हा नवऱ्याला वाटलं की ते नातवंडांशी खेळतील, बागकाम करतील आणि निवांत टीव्ही बघतील. नातवंडं त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची, बाग म्हणजे तीन कुंड्या होत्या आणि टीव्हीवर सदानकदा कुणीतरी घर विकत घेत असे. गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये जन्मभर घसा फोडलेल्या माणसाला आमच्या गल्लीत भांडायलाही कोणी मिळेना. मग त्यांनी त्या कामासाठी मला निवडलं.

माझी सुटका केली शेजारच्या म्हाताऱ्याने. ऐंशी ओलांडलेला, मूळचा फिनलंडचा, इंग्लिश बायको वारल्यापासून एकटा. बाबांनी कुंपणावरून देश विचारला. तो म्हणाला, "फिनलंड. इंडिपेन्डन्स, देन वर्कर्स रेव्होल्यूशन, देन सिव्हिल वॉर. माय फादर ऑल्सो." एवढ्या 'ऑल्सो'वर बाबांनी त्याच्या वडिलांना परस्पर लाल सैन्यात भरती करून टाकलं. त्यात म्हातारा लाल लोकरी टोपी घालायचा. आणखी कसला पुरावा हवा?

त्या दिवसापासून रोज सकाळी कुंपणापाशी मूठ उगारून "लाल सलाम, कॉम्रेड!" सुरू झालं. म्हातारा आधी दचकायचा, पुढे तोही मूठ वर करायला लागला. दोघांचंही इंग्रजी दिव्य, तरी गप्पा संपत नसत. रात्री जेवताना बाबा आम्हाला फिनलंड शिकवायचे. झार गेला, देश स्वतंत्र झाला, महिना-दोन महिन्यांत कामगारांनी राजधानी ताब्यात घेतली. कामगार ते लाल, मालक-जमीनदारांच्या बाजूचे ते पांढरे. उन्हाळा यायच्या आत लाल हरले आणि हजारो जण छावण्यांत उपासमारीने मेले.

"आपल्या गिरणीवाल्यांना संपानंतर गोळ्या घातल्या नाहीत," बाबा म्हणायचे, "नुसतंच विसरून गेले."

त्यांच्या संपात खुद्द त्यांचा धाकटा भाऊ फुटला होता. घरात आजारी पोर, चुलीत विस्तव नाही, म्हणून तो पोलिसांच्या गाडीतून गिरणीत कामावर गेला. तेव्हापासून बाबांनी त्याच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आमच्या लग्नात दोघे भाऊ मांडवाच्या दोन टोकांना उभे होते आणि फोटोग्राफर रडकुंडीला आला होता. मला बाबा आवडायचे, पण या एका बाबतीत मला त्यांचा संताप यायचा.

मग एक मे आला. कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन एकाच दिवशी, म्हणजे बाबांची दिवाळीच. मी रजा काढून ग्रीक दह्याचं श्रीखंड केलं, पुऱ्या तळल्या. म्हातारा कोट-टाय घालून आला आणि त्याने वडिलांचा जुना फोटो टेबलावर ठेवला. खांद्याला बंदूक, दंडाला पांढरी पट्टी.

बाबांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "सूनबाई, जुन्या फोटोत लाल रंग पांढरा दिसतो का गं?"

"नाही, बाबा. काळा दिसतो."

म्हातारा खाली मान घालून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ही वॉज व्हाइट. आय ॲम सॉरी. मला इतक्या वर्षांत कुणी चहाला बोलावलं नव्हतं. तुम्ही कॉम्रेड म्हणालात, मला बरं वाटलं."

बाबा ताडकन उठले. आता हा पाहुणा उपाशी जाणार, असं मला वाटलं. पण ते श्रीखंडाचं भांडं घेऊन आले आणि त्याच्या ताटात डावभर श्रीखंड रागारागाने वाढलं.

माझी जीभ काही गप्प बसेना. "पांढऱ्यांना श्रीखंड, आणि काकांना पाणीसुद्धा नाही?"

"ह्याचा बाप गेला होता, हा नाही. आमचा स्वतःच्या पायांनी गेला!"

म्हाताऱ्याने काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, बाबा डोळे वटारत असताना. तो पुरीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला की त्याच्या आत्याचा नवरा लाल होता, छावणीत भुकेने मेला. त्याच्या वडिलांनी मेव्हण्याला एक पाव पाठवला नाही. पुढे म्हातारपणी स्वतः केक घेऊन बहिणीच्या दारात गेले.

"मग?" बाबांनी मराठीतच विचारलं.

"तिने तो डुकरांना घातला. वडील रोज तिच्या घराकडे बघत बसायचे. मग ती गेली."

"बरं केलं बाईने," बाबा म्हणाले. पण पुरी त्यांच्या हातातच राहिली. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्याकडे त्याचा नंबर आहे ना?"

मी फोन लावून दिला. पलीकडे काकांचा आवाज आला आणि बाबांनी पहिलं वाक्य असं काढलं की इथे लिहिण्याची सोय नाही. गद्दार, लाचार, आणि आईच्या नावाने आणखी बरंच काही. म्हाताऱ्याला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तो खाणं थांबवून बघत होता. बाबा दम घ्यायला थांबले. पलीकडून तितकीच सणसणीत शिवी आली, रडक्या आवाजात.

बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जेवलास का रे?"