कबुतरांचा खोकला

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ जिना चढताना मध्येच थांबून दारांवरच्या पाट्या वाचत बसतात. दम लागलेला दिसू नये, एवढंच. वागळे इस्टेटच्या एका फाउंड्रीत त्यांनी वर्षानुवर्षं वाळूची धूळ गिळली. फुफ्फुसांवर व्रण पडले, ते आता भरून येत नाहीत.

मी मात्र लग्न होऊन आले तेव्हापासून पुण्यवान. रोज गॅलरीत कबुतरांना ज्वारी टाकायची, आणि स्वर्गात खिडकीजवळची जागा मिळणार म्हणून खुशीत राहायचं. अक्कल तेवढीच होती.

गेल्या थंडीत मला कोरडा खोकला लागला. दोन महिने हटेना. भाऊ दारात थबकले.

"वहिनी, हा खोकला ओळखीचा वाटतो. छातीच्या डॉक्टरांकडे चला."

"मी कुठे कारखान्यात होते?"

"गॅलरी बघा की तुमची."

रिक्षा बोलावूनच त्यांनी मला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसं सुजलीत. व्रण पडायच्या आत आलात. ज्वारी बंद झाली, गॅलरीला जाळी लागली, औषधानं खोकला गेला.

आभार मानले, तर भाऊ म्हणाले, "मला खोकला लागला तेव्हा सगळे म्हणायचे, विड्या सोडा. मी विडी कधी ओढलीच नव्हती; धुळीचं मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून तुमचा खोकला ऐकून गप्प बसवेना."